नॉन-टीचिंग

"'नॉन'मध्ये राग नसतो, सर," गव्हाणेमामा म्हणाले. "एवढं ध्यानात ठेवलं की पाठ जमला म्हणून समजा."

शाळा सुटून अर्धा तास झाला होता. आम्ही दोघं प्रयोगशाळेत होतो. मी बाकावर बसलो होतो आणि मामा फळ्यापाशी उभे होते. मी श्री खंडेश्वर विद्यालयाचा इंग्रजीचा शिक्षक आणि मामा त्याच विद्यालयाचे शिपाई. शिपाई शिकवत होते आणि शिक्षक वहीत उतरवून घेत होते. नवख्या माणसाला हे बघून नवल वाटलं असतं, पण चिंचोडीत नवखं कोणी येत नसे, आणि गावाला तीन वर्षांत याची सवय झाली होती.

मामांनी फळ्याचे दोन भाग केले. एकीकडे 'अन्' लिहिलं, दुसरीकडे 'नॉन'.

"दोन्हीचा अर्थ आपण पोरांना 'नाही' म्हणून सांगून मोकळं होतो. पण बगा, 'अनप्रोफेशनल' म्हणलं की माणसाला बोल लागला. कामात कच्चा, वागायची रीत न्हाई, असं सगळं आलं त्यात. 'नॉनप्रोफेशनल' म्हणलं तर? काय बोल न्हाई. तो त्या पेशातला न्हाई, एवढंच. नॉन नुसती यादी करतो. ह्या यादीत हाईस का? न्हाई. मग पलीकडं बस. संपलं."

"मग नॉन-टीचिंग?" मी विचारलं, आणि लगेच जीभ चावली.

मामा हसले. "तेच की. हा शिकवत न्हाई, असं कुठं म्हणतंय ते? शिकवणाऱ्यांच्या यादीत न्हाई, एवढंच म्हणतंय. माझी त्याच्याशी काय दुश्मनी न्हाई, सर. मला फक्त यादी बदलून पाहिजे."

यादी बदलायची की नाही, हे ठरवायला तीन दिवसांनी जिल्ह्याहून साहेब येणार होते. सत्त्याण्णव सालच्या डिसेंबरातली ही गोष्ट. मामा दहावीनंतर शिपाई म्हणून लागले होते. घंटा देत, पाणी भरत, त्यांनी बाहेरून बी.ए. केलं, तेही इंग्रजी घेऊन. मग एक वर्ष बिनपगारी रजा टाकून बी.एड. केलं. जूनमध्ये लोहारे सर निवृत्त झाले आणि शिक्षकाची एक जागा रिकामी झाली. पात्र शिपायाला अशा जागेवर घेता येतं, असं नियमात होतं. मामांनी रीतसर अर्ज केला. संस्थेनं त्यावर शेरा मारला, 'सदर कर्मचाऱ्याने कधीही अध्यापन केलेले नाही.' मामांनी थेट जिल्ह्याला लिहिलं, की मी गरजेप्रमाणे तास घेत आलो आहे, येऊन बघावं. आणि जिल्ह्यानं कधी नव्हे ते बघायचं ठरवलं. मामांचं वय पंचेचाळीस होतं. त्या जागेवर अध्यक्षांच्या आतेभावाचा मुलगा नजर लावून बसला होता. यंदा नाही झालं तर पुन्हा होणार नव्हतं, हे मामांना ठाऊक होतं आणि मलाही.

"तुमचं नाव घातलं न्हाई अर्जात," मामा फळा पुसता पुसता म्हणाले. "गरजेप्रमाणे, एवढंच लिहिलं."

ती गरज म्हणजे मी.

संस्थेचे अध्यक्ष हे माझे सख्खे मेहुणे. ताईला दिली त्या घरात शाळा होती, आणि घरात शाळा असली की मेहुण्याला नोकरी लावावीच लागते. मला खरं तर मराठी शिकवायचं होतं, पण मराठीची जागा दाजींच्या पुतण्याला गेली, इतिहासाची त्यांच्या मित्राच्या सुनेला गेली. उरली इंग्रजी. "तू बी.ए.ला इंग्रजी घेतली होतीस ना?" दाजींनी विचारलं. घेतली होती. दोनदा घेतली होती, कारण पहिल्यांदा ती सुटली नव्हती. म्हणजे इतरांच्या दुप्पट अभ्यास झाला होता, असं म्हणायला हरकत नव्हती. दाजींनी तसंच म्हटलं आणि मी शिक्षक झालो.

पहिल्याच आठवड्यात दहावीच्या वर्गात एका मुलीनं मला एका शब्दाचा अर्थ विचारला. मी पाणी प्यायच्या निमित्तानं बाहेर आलो. लिंबाला घंटा म्हणून टांगलेल्या रुळाच्या तुकड्याखाली मामा हातोडी घेऊन बसले होते. माझा चेहरा बघून ते उठले. "सर, मी बघू का जरा? तुम्ही तेवढं घंटेकडं लक्ष द्या. पावणेएकला मोठी सुट्टी." हातोडी माझ्या हातात देऊन ते वर्गात गेले, ते तीन वर्षं तिथंच होते.

चौथा तास, बारा दहा ते पावणेएक. मामा दहावीला इंग्रजी शिकवायचे आणि मी घंटा द्यायचो. त्या तीन वर्षांत मी एकदाही मिनिट चुकवलं नाही. बारा त्रेचाळीस झाले की उठायचं, हात झटकायचे, लिंबाखाली जायचं, हातोडी घ्यायची. माझ्या घंटेवर गावातल्या बायका भाकरी टाकायच्या. शिक्षकी पेशात मी जे काही प्रामाणिकपणे केलं, ते एवढंच.

साहेबांचा कार्यक्रम मुख्याध्यापक हिप्परगेकर सरांनी आखला होता. चौथ्या तासाला दहावीवर माझा आदर्श पाठ, म्हणजे शाळेचा दर्जा साहेबांच्या लक्षात येईल. मग दाजींकडे जेवण. मग पाचव्या तासाला नववीवर मामांचा पाठ. हिप्परगेकर सरांचा तोंडात बसलेला एकच इंग्रजी शब्द होता, 'नॉनसेन्स', आणि बहुधा त्यामुळेच त्यांनी माझ्या पाठाला 'नॉन' हा उपसर्ग निवडला. मुलांनी द्यायच्या शब्दांची यादी त्यांनी स्वतः तपासली. 'नॉन-ग्रँट' काढून टाकला, साहेबांना अनुदानाची आठवण नको. 'नॉनव्हेज'पाशी ते थबकले. "साहेब माळकरी आहेत का, चौकशी करा." चौकशीत साहेब माळकरी नाहीत असं कळलं, त्यामुळे तो शब्द यादीत राहिला आणि दाजींकडचा बेतही पक्का झाला.

मला पाठ मामांनीच बसवून दिला. तीन दिवस शाळा सुटल्यावर ते माझ्याकडून घोकून घेत होते. दुसऱ्या दिवशी मी न राहवून विचारलं, "मामा, तुमचा स्वतःचा पाठ पडला बाजूला, माझ्यासाठी कशाला घसा कोरडा करताय?"

"माझ्यासाठीच करालोय," ते म्हणाले. "साहेब आधी तुमचा तास बघणार. तुमचा तास पडला तर साहेबाचं डोकं फिरल. फिरलेल्या डोक्यानं माझ्या तासाला येऊन काय बघणार? तुमचा चांगला झाला तर माझ्याकडं खुशीत येतील."

साहेब आले, त्यांचं नाव मुळजकर. जाडजूड चष्मा, हातात डायरी, आणि सकाळपासून तिसरी शाळा बघत असल्याचा थकवा. मामा त्या दिवशी खाकी घालून आले नव्हते. पांढरा फुलशर्ट, कडक इस्त्री, खिशाला पेन. हिप्परगेकर सरांनी वरपासून खालपर्यंत बघून घेतलं. "गव्हाणे, तुझा तास दीडला आहे. तोवर शिपाईच आहेस. घंटेकडे बघ."

"व्हय सर," मामा म्हणाले.

माझा पाठ चांगला झाला. पाठांतरात मी कधी कच्चा नव्हतो. फळ्याचे दोन भाग केले, 'अन्' इकडे, 'नॉन' तिकडे. अनप्रोफेशनलला बोल लागतो आणि नॉनप्रोफेशनलला लागत नाही, हे मी इतक्या जोरात सांगितलं की साहेबांनी डायरीतून मान वर काढली. मग मुलांकडून शब्द घेतले. नॉनस्टॉप, लातूर ते पुणे. नॉनस्टिक, तवा. नॉनव्हेज, सोमवार आणि शनिवार सोडून. शेवटच्या बाकावरचा एक पोरगा यादी सोडून म्हणाला, "नॉन-मॅट्रिक, माझा बाप." सगळा वर्ग हसला आणि साहेबही हसले. मी त्या पोराकडे असं कौतुकानं बघितलं, जणू हे सगळं मीच त्याला शिकवलं होतं.

साहेब खुशीत आले आणि तिथंच घोटाळा झाला. खुशीत आलेला साहेब प्रश्न विचारतो.

"सर, मग नॉनह्यूमन आणि इनह्यूमन, यात फरक काय हो?"

माझ्या वहीत हे नव्हतं. मी खडूकडे बघितलं. मग वर्गाकडे बघून म्हणालो, "कोण सांगेल?" शिक्षकाची ही एक सोय फार चांगली आहे.

पुष्पलता घोडकेनं हात वर केला. दोन वेण्या, काटकुळी, वर्गात सगळ्यांत हुशार. "सर, दगड नॉनह्यूमन असतो. जनावर नॉनह्यूमन असतं. त्यात त्यांचा काय दोष न्हाई. पण इनह्यूमन व्हायचं तर आधी माणूसच असावं लागतं."

साहेबांनी चष्मा काढला. "वा! हे कोणी शिकवलं, बाळ?"

पुष्पलतेनं खिडकीकडे बघितलं. मग दारात उभ्या असलेल्या हिप्परगेकर सरांकडे बघितलं. मग बाकावरच्या वहीत बघत म्हणाली, "सरांनी."

"छान तयारी आहे," साहेब मला म्हणाले. मी मान झुकवून ते कौतुक घेतलं. खोटं कशाला सांगू, मला ते मनापासून आवडलं. क्षणभर मला वाटलंही, की हे मी शिकवलं असेल.

मी पुन्हा फळ्याकडे वळलो. नॉन-टीचिंग हा शब्द मी यादीतून स्वतःहून वगळला होता, त्यामुळे पुढे नॉन-फिक्शन घ्यायचा होता. 'नॉन' लिहून झालं आणि माझा हात थांबला. मी खडू खाली ठेवला, हात झटकले, टेबलाला वळसा घालून साहेबांच्या समोरून, हिप्परगेकर सरांच्या बाजूनं बाहेर गेलो. लिंबाखाली पोचलो, हातोडी उचलली आणि मोठ्या सुट्टीची लांब घंटा द्यायला सुरुवात केली.

चार टोल पडेपर्यंत मला काही कळलं नाही. इतर वर्गांतली पोरं ओरडत बाहेर पडली. पाचव्या टोलाला लक्षात आलं की दहावीतलं कोणी बाहेर आलेलं नाही. मी मागे वळलो. व्हरांड्यात साहेब उभे होते. त्यांच्या मागे हिप्परगेकर सर होते आणि सरांचं तोंड उघडं होतं. दहावीच्या खिडकीशी मामा उभे होते. घंटेकडे बघायला सांगितलेला माणूस पस्तीस मिनिटं त्या खिडकीतून माझा तास ऐकत होता. चौथ्या तासाला घंटेपाशी जायची सवय त्यांना उरलेली नव्हती. ती मला लागली होती.

"सर," मुळजकर साहेबांनी विचारलं, "पाठ अर्धवट टाकून तुम्ही घंटा द्यायला आलात? शिपाई कुठं आहे?"

आवाजात राग नव्हता. त्यांना खरोखरच समजून घ्यायचं होतं. चष्म्याआडून ते माझ्याकडे, मग मामांकडे, मग पुन्हा माझ्याकडे बघत होते. मला वाटतं, त्यांना अर्धं कळलं होतं. उरलेलं अर्धं मी सांगायचं होतं.

मामा माझ्याकडे बघत होते. घाबरलेले नव्हते. उलट डोक्यावरचं ओझं कोणी उतरवून घ्यावं, तसा त्यांचा चेहरा मोकळा झाला होता. आता लपवायचं काही राहिलं नाही, असं त्यांना वाटलं असणार. खिडकीच्या गजांमागे पुष्पलता आणि आठदहा तोंडं दाटीवाटीनं उभी होती. मी एवढंच म्हणायचं होतं, की साहेब, हा वर्ग मामा शिकवतात आणि मी घंटा देतो, तीन वर्षं असंच चाललंय. तेवढ्यानं मामा शिक्षक झाले असते. माझी नोकरी मात्र गेली असती. ताईला सासरी तोंड दाखवायला जागा राहिली नसती, असंही मी त्या वेळी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मला ताईची आठवण नंतर झाली. आधी नोकरीचीच झाली.

"साहेब," मी म्हणालो, "शिपाई जागेवर नसतो. नेहमीचंच आहे. घंटा आम्हालाच द्यावी लागते."

यातला शब्दन् शब्द खरा होता. इतकं सफाईदार खोटं मी पुन्हा कधी बोललो नाही.

साहेब मामांकडे वळले. "खरं आहे हे?"

मामा माझ्याकडे बघत राहिले. पुढचं वाक्य मी बोलेन म्हणून ते थांबले होते. शिपाई जागेवर नसतो, कारण. ते 'कारण' माझ्या तोंडून यायची ते वाट बघत होते. मी हातोडी खाली ठेवायच्या निमित्तानं वाकलो आणि ती ठेवायला मला फार वेळ लागला.

"खरं हाय, साहेब," मामा म्हणाले. "जागेवर नव्हतो."

"सर!" खिडकीतून पुष्पलता ओरडली. "सर, मामा..."

"नॉनसेन्स!" हिप्परगेकर सर गरजले. "खाली बस! साहेब, चला, जेवण गार होईल."

साहेबांनी डायरीत काहीतरी लिहिलं. "आणि यांना शिक्षक व्हायचंय," ते निघताना म्हणाले. ते कोणाला उद्देशून म्हणाले, हे मी आजवर ठरवू शकलेलो नाही.

दाजींकडे गावरान कोंबडा होता. मीही पंगतीला होतो. साहेबांनी माझ्या पाठाचं कौतुक केलं, दाजींनी मान डोलावली, ताईनं मला आग्रहानं वाढलं. पावणेदोनला साहेब म्हणाले की आणखी एक शाळा बघायची आहे, आणि जीपमध्ये बसले. पाचव्या तासाचा विषय कोणी काढला नाही. मीही काढला नाही. माझ्या तोंडात सुपारी होती.

शाळेत परतलो तेव्हा नववीचा वर्ग चालू होता. मामांनी फळ्यावर तारीख, विषय, पाठाचं नाव, सगळं सुवाच्य लिहिलं होतं. मागच्या भिंतीपाशी साहेबांसाठी खुर्ची ठेवून तिच्यावर धुतलेला टॉवेल घातला होता. मामा शिकवत होते. दर दोनतीन वाक्यांनी त्यांची नजर दाराकडे जात होती. मी दारात दिसलो, तेव्हा ते एकदम ताठ झाले. मग मी एकटाच आहे हे बघून त्यांनी पुन्हा पुस्तकात मान घातली आणि पाठ पूर्ण केला. मी व्हरांड्यात उभा राहून शेवटपर्यंत ऐकला. तो फार चांगला पाठ होता. मला रडू आलं आणि मी मुतारीकडे निघून गेलो.

दोन दिवसांनी हिप्परगेकर सरांनी माझ्या हातात एक कागद दिला. गव्हाणेंना मेमो होता. कर्तव्यावर असताना जागेवर अनुपस्थित, साहेबांसमोर शाळेची बेअब्रू, लेखी खुलासा करावा. "साहेबांनी मागवलाय. कबुली जोडली की अर्जाची फाईल बंद होते. तू जा घेऊन. तुझं ऐकतो तो."

मामा प्रयोगशाळेत परीक्षानळ्या धूत होते. त्यांनी हात पुसले, कागद वाचला. आत खुर्ची होती, पण ते उभ्यानंच वाचत होते, म्हणून मीही बसलो नाही.

"मामा," मी म्हणालो, "मी त्या दिवशी..."

"ऱ्हाऊ द्या, सर." त्यांनी कागदाची घडी केली. "कबुली देतो म्हणावं. जागेवर नव्हतो, चूक झाली, पुन्हा होणार न्हाई. सही करून देतो आत्ता."

मला इतकं हायसं वाटलं की त्याची आज लाज वाटते.

"फक्त एक गोष्ट पाहिजे," ते म्हणाले. "मार्चला पोरांची बोर्डाची परीक्षा हाय. अजून दोन धडे आणि सगळं व्याकरण ऱ्हायलंय. दहावीचा चौथा तास परीक्षेपर्यंत माझ्याकडंच असू द्या. कागदावर तुमचाच. मी सही करतो, तुम्ही एवढं करा."

"हो," मी म्हणालो.

मी जरासुद्धा वेळ लावला नाही. एखाद्यानं निदान दोन क्षण थांबून, विचार करतोय असं दाखवलं असतं. मामांनी माझ्याकडून शब्द मागितला आणि मी तो असा दिला, जणू मीच त्यांच्यावर उपकार करत होतो. कारण माझ्या मनात तेव्हा एकच भीती होती. मामांनी रागानं शिकवणं सोडलं तर उद्यापासून चौथ्या तासाला वर्गात मला उभं राहावं लागेल. ते शिकवणं सोडणार नाहीत, उलट शिकवू द्या म्हणून मलाच विनवतील, हे माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं. शिकवण्याची ओढ असते कशी, हे मला ठाऊकच नव्हतं. माझं नाव शिकवणाऱ्यांच्या यादीत होतं.

त्यांनी खिशाचं पेन काढून कबुली लिहिली आणि सही केली. अक्षर मोत्यासारखं होतं. महिन्याभरात जिल्ह्याचं उत्तर आलं. अध्यापनाचा पुरावा आढळत नाही, मूळ कामातही हयगय दिसते, सबब अर्ज निकाली काढण्यात येत आहे. फेब्रुवारीत दाजींच्या आतेभावाचा मुलगा शिक्षक म्हणून रुजू झाला.

निकाल जूनमध्ये लागला. आमच्या शाळेत पूर्वी निम्मी पोरं इंग्रजीत आडवी व्हायची, मग तीन वर्षं पास होणाऱ्यांचा आकडा हळूहळू चढत होता. त्या वर्षी सेहेचाळीसपैकी त्रेचाळीस पोरं इंग्रजीत पास झाली. पुष्पलतेला शहाऐंशी मार्क पडले. तालुक्यात बोलबाला झाला. शेजारच्या गावचे मुख्याध्यापक माझी पद्धत समजून घ्यायला येऊन गेले. मी त्यांना सांगितलं, मुलांना स्वातंत्र्य द्यायचं, आपण मध्ये यायचं नाही.

जुलैत गुणगौरव समारंभ झाला. पाहुणे मुळजकर साहेबच होते. दाजींनी भाषणात माझा 'आमच्या संस्थेचं रत्न' असा उल्लेख केला. पुष्पलता स्टेजवर आली, बक्षीस घेतलं, साहेबांना नमस्कार केला, दाजींना केला. माझ्यासमोर आली तेव्हा माझे हात आशीर्वादासाठी वर झाले होते. ती माझ्या बाजूनं पुढे गेली आणि स्टेजच्या कडेला जाऊन वाकली. तिथं मामा खाकी घालून, सत्काराचं तबक धरून उभे होते. दोन्ही हात अडकल्यामुळे त्यांना आशीर्वाद देता आला नाही. ते नुसतं "ऱ्हाऊ दे बाई, ऱ्हाऊ दे" म्हणत राहिले. माझे हात वर होते, ते मी तसेच नेऊन केस सारखे केले.

मग माझं नाव पुकारलं. टाळ्या पडल्या. मामा तबक घेऊन पुढे आले. साहेबांनी त्यातली शाल उचलून माझ्या खांद्यावर घातली, नारळ हातात दिला आणि म्हणाले, "तुमचा तो पाठ मला अजून आठवतो." फोटोग्राफर समोर येऊन गुडघ्यावर बसला.

"सर," मामा हळूच म्हणाले, "शाल डाव्या खांद्यावरनं घसरालीय. फोटो काढायलेत. सावरून घ्या."

मी शाल सावरून घेतली. फोटो फार छान आला. तो मुख्याध्यापकांच्या खोलीत लागला, आणि पुढे मीच मुख्याध्यापक झाल्यावर अकरा वर्षं माझ्या खुर्चीसमोर होता. फोटोत साहेब आहेत, मी आहे, शाल नीट बसलेली आहे. मामा चौकटीच्या बाहेर राहिले. त्यांचे तबक धरलेले दोन हात तेवढे आलेत. उजव्या हाताची बोटं खडूनं पांढरी दिसतात, कारण त्या दिवशी त्यांनी नव्या दहावीचा तास घेतला होता.